लग्नघरचे पाहुणे आणि आपले पुणे

आपल्या मंडळाच्या मासिक सभेत एका भगिनीने एक अडचण मांडली. मुलीचे लग्न जवळ आलेले. कार्यालय ठरले, आचारी ठरला, भटजी ठरले. पण बाहेरगावची साठ माणसे तीन दिवस राहणार, त्यांना मधल्या वेळात कुठे न्यायचे आणि काय खाऊ घालायचे? प्रश्न निघाला मात्र, सभेतल्या साऱ्याजणी एकदम बोलू लागल्या. चिटणीसबाईंनी कागद पुढे ओढला. शनिवारवाडा, दगडूशेठ, सारसबाग, तुळशीबाग, बाकरवडी, मस्तानी अशी यादी पाच मिनिटांत तयार झाली, आणि स्मरणिकेसाठी ती जरा नीटनेटकी, इतिहासाच्या माहितीसह लिहून देण्याचे काम माझ्या गळ्यात पडले.

यादी घरी आणली, वाचली आणि मनात आले, की ही यादी तर साठ वर्षांपूर्वी आमच्या लग्नघरी होती तीच. एखाद्दुसरे नाव कमीजास्त. तेव्हा त्या यादीत जे नव्हते, ते याही यादीत नाही. काय पाहायचे हे तिच्यात आहे. कोणी पाहायचे हे नाही. हे सांगण्यासाठी घरची एक गोष्ट सांगते. ती या विषयाला सोडून नाही.

१९६७ साली आमच्याकडे थोरल्या चुलतबहिणीचे लग्न होते. रत्नागिरीकडून माझी आत्या आठ दिवस आधी आली. आत्या लहानपणीच विधवा झालेली. लग्नघरात तिला मान होता, पण तो स्वयंपाकघरात. हळदीकुंकवात, ओटीत, सुवासिनींच्या पंक्तीत ती नसायची. तांदूळ निवडणे, डाळी दळणे, लाडू वळणे, उष्टी-खरकटी आवरणे हे सारे तिच्याकडे. तिच्या हाताला मोठी कला होती. रुखवतासाठी तिने शनिवारवाडा केला. राजगिऱ्याच्या वड्यांचा तट, बत्ताशांचे बुरूज, आणि दिल्ली दरवाजावर लवंगांचे खिळे. समोर भिंतीवरचे कॅलेंडर ठेवून त्यातले चित्र पाहात ती तो रचत होती. विहीणबाईंनीदेखील तोंडभर स्तुती केली.

लग्नानंतर दुसऱ्या दिवशी पुरुषमंडळी आणि आम्ही मुले पर्वतीला गेलो, पेशवे पार्कात फुलराणीत बसलो, भेळ खाल्ली. आत्या भांडी मोजत घरी राहिली. तिला सोडायला मी वडिलांबरोबर स्वारगेटला गेले होते. गाडी सुटायच्या वेळी खिडकीतून टेकडीकडे बोट करून ती म्हणाली, "पर्वती ती हीच ना गो?" मी "होय" म्हटले. गाडी सुटली. आमच्या घरच्या पाच लग्नांना ती पुण्यात आली आणि शनिवारवाडा तिने बत्ताशांचाच पाहिला. पुढे ती गेली. तेव्हापासून लग्नाच्या पाहुण्यांची यादी कोणी करू लागले, की मला ती खिडकी आठवते.

म्हणून या लेखात पुणे दाखवायचे आहे ते आलेल्या बायकांना आधी, आणि मग इतरांना. आणि दाखवताना या शहराच्या इतिहासात बायका कुठे आहेत, तेही सांगायचे आहे.

आरंभ कसब्यापासून करावा. पुण्यात लग्नाची पहिली अक्षत कसबा गणपतीला ठेवतात, हे आपणांस ठाऊक आहे. पाहुण्यांस असतेच असे नाही. हे पुण्याचे ग्रामदैवत. जिजाबाई बाल शिवाजीराजांना घेऊन उजाड झालेल्या या गावी राहायला आल्या आणि त्यांच्या हातून गावाची पुन्हा वसाहत झाली. या देवळाशी त्यांचेच नाव जोडलेले आहे. सोन्याच्या नांगराने जमीन नांगरल्याची कथा याच काळातली. जवळच लाल महाल आहे. आजची इमारत महानगरपालिकेने नव्याने उभारलेली; मूळचा महाल काळाने नेला. शाहिस्तेखानावर १६६३ सालच्या एप्रिलात छापा पडला तो इथे. मुलांना ती गोष्ट सांगावी. पण त्याआधी हे सांगावे, की पुणे नावाचे गाव पुन्हा उभे राहिले ते एका आईने इथे बिऱ्हाड मांडले म्हणून.

तिथून शनिवारवाडा चालत काही मिनिटांवर आहे. पायाभरणी १७३० च्या जानेवारीत आणि वास्तुशांत १७३२ च्या जानेवारीत. १८२८ च्या फेब्रुवारीत आग लागून आतला सारा वाडा जळाला. राहिले ते तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. पाहुणे आत जातात आणि "येथे तर काहीच नाही" म्हणून हिरमुसले होतात. त्यांना आत नेण्याआधी दिल्ली दरवाजापाशी थांबवून थोडे बोलावे. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ठोकलेले ते अणकुचीदार खिळे हाताने चाचपू द्यावे. मी नेते तेव्हा माझा हात तिथे जरा रेंगाळतो.

या वाड्यातल्या बायकांच्या म्हणून आपण पाहुण्यांना दोनच गोष्टी सांगतो. एक मस्तानीच्या रूपाची, दुसरी आनंदीबाईच्या "ध चा मा" ची. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी इथे झाला हा इतिहास आहे. एका अक्षराच्या फेरफाराची गोष्ट ही लोककथा म्हणूनच सांगावी. म्हणजे शहराच्या गोष्टीत बाई आली तर ती एक तर रूपवान किंवा कारस्थानी! याच घराण्यातल्या राधाबाईंची गोष्ट कोणी सांगत नाही. राधाबाई या थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री. १७३५ साली त्या काशीयात्रेला निघाल्या. रेल्वे नाही, पक्के रस्ते नाहीत, मुलाची तलवार उत्तरेत गाजत असलेली. अशा दिवसांत त्या राजपुतान्यातून गेल्या. उदेपूर-जयपूरच्या राजांनी त्यांचा पाहुणचार केला, आणि पुढल्या वर्षी त्या सुखरूप परत आल्या. अडीचशे वर्षांहून अधिक काळापूर्वी पुण्याची एक वयस्क विधवा बाई सारा उत्तर हिंदुस्थान पाहून आली. मग आपल्याकडे आलेल्या आत्या-मावशीला शनिवारवाड्यापर्यंत न्यायला आपणांस जड का जावे?

वाड्यावरून दक्षिणेकडे चालू लागले की दगडूशेठ हलवाई गणपती लागतो. तिथे गर्दी असते. रांग न परवडली तर रस्त्यावरूनही मूर्ती दिसते. दर्शन झाल्यावर एक काम अवश्य करावे. समोरच्या बाजूला भिडे वाड्याची जागा आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती तिथे. वाडा अनेक वर्षे पडका होता. न्यायालयातला वाद संपल्यावर २०२३ च्या डिसेंबरात तो उतरवला आणि तिथे राष्ट्रीय स्मारक करायचे ठरले. पाहण्यासारखी जुनी वास्तू म्हणून तिथे काही उरले नाही, हे खरे. पण आपल्याबरोबर आलेल्या बायकांपैकी जिला जिला लिहितावाचता येते, तिने त्या जागेसमोर क्षणभर उभे राहावे, एवढे ऋण आहे.

मग तुळशीबाग. पाहुण्या बायकांना ही सांगावी लागत नाही. त्याच आपणांस ओढून नेतात. पितळी भांडी, देवाची उपकरणी, भातुकली, बांगड्या, पिना आणि घासाघीस. पण या साऱ्या गजबजाटाच्या पोटात एक राममंदिर आहे, हे खरेदीच्या नादात विसरायला होते. पेशव्यांचे सरदार नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी ते पेशवाईत बांधले. पिशव्या घेऊन थकलेल्या बायकांनी त्या सभामंडपात पाय मोकळे करून बसावे. बाजाराच्या मधोमध इतकी शांत जागा दुसरी नाही.

पलीकडे मंडई. दगडी बांधणीची ही उंच इमारत १८८६ साली पुरी झाली आणि तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना असल्या इमारतीवर पैसा घालण्याऐवजी तो शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे मत होते. पुढे याच इमारतीला त्यांचे नाव दिले गेले. पुण्याचे असे आहे. हयातीत ऐकायचे नाही आणि मागाहून पाटी लावायची! पण तिथे बसणाऱ्या भाजीवाल्या बायकांचा आवाज एकदा पाहुण्यांना ऐकवावा. पुण्याची खरी वाणी तीच. २०२४ पासून मंडईपाशी जमिनीखालून मेट्रोही येते, त्यामुळे दूरच्या उपनगरात उतरलेल्या पाहुण्यांना पेठांत येणे आता सोपे झाले आहे.

मंडईतून पुढे पूर्वेला, आज महात्मा फुले पेठ म्हणतात त्या भागात, फुल्यांचा वाडा आहे. आमच्या सभेतल्या यादीत तो नव्हता. मी तो घातला आहे, कारण लग्नाच्या पाहुण्यांना यापेक्षा योग्य जागा नाही. आंगणातला हौद १८६८ साली जोतीरावांनी अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. आणि सत्यशोधक पद्धतीचे पहिले लग्न २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात लागले, त्यात सावित्रीबाईंचा पुढाकार होता. भटजी नाही, हुंडा नाही, मानपान नाही. वधूवरांनी एकमेकांस वचने द्यायची, आणि पाहुण्यांच्या हातावर पानसुपारी. आपण साऱ्यांनी तसेच करावे असे मी म्हणत नाही. मला स्वतःलाच जिलबी आवडते. पण ज्या घरी लग्नाच्या खर्चाने झोप उडाली आहे, त्या घरच्या माणसांनी त्या हौदाच्या कठड्याशी उभे राहून हे जरूर आठवावे.

आता खाण्याकडे वळू. लग्नाची पंगत हाच पाहुण्यांचा पहिला पाहुणचार. अळूची भाजी, मसालेभात, पंचामृत, कोशिंबीर, जिलबी आणि मठ्ठा. ती पंगत आजही उत्तम असते. मात्र ती कार्यालयात मिळते, बाहेर नाही. बाहेरचे खाणे ही पुण्यात फार उशिरा आलेली गोष्ट. तिचा इतिहास मोठा गमतीचा आहे, आणि थोडा कडूही.

१८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. बोलावणे होते आनंदीबाई जोशांचे यजमान गोपाळराव यांच्या खटपटीने. तिथे मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसता पेला हाती धरला. गोपाळरावांनी त्या सर्वांची नावे वर्तमानपत्रातून जाहीर केली आणि पुण्यात ग्रामण्य माजले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांची नावे त्यात होती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ताच्या गोष्टी झाल्या. या प्रकरणाने घरात झालेला मनस्ताप रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. एका पेल्याने शहर ढवळून निघाले! ते देऊळ, म्हणजे पवित्र नामाचे ख्रिस्तमंदिर, उंच घंटाघरासह तिथे आजही उभे आहे. फुले वाडा पाहून परतताना पाहुण्यांना ते दाखवावे आणि मग जवळच कुठे तरी चहा पाजावा. त्या चहाला वेगळी चव येते.

पुढे शिक्षणासाठी, नोकरीसाठी एकटे पुरुष पुण्यात आले आणि खाणावळी वाढल्या. त्यांतल्या कितीतरी खाणावळी विधवा बायकांनी चालवल्या. स्वतःच्या पोटासाठी दुसऱ्यांना जेवू घालणे, एवढाच धंदा तेव्हा अशा बाईला खुला होता. मग १९३२ साली टिळक रस्त्यावर बादशाही बोर्डिंग निघाले. १९३५ साली मूकपटांच्या जमान्यातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस काढले. त्याच साली डेक्कन जिमखान्यावर गुडलक हे इराणी उपाहारगृह सुरू झाले. ही तिन्ही नावे आजच्याही यादीत घालण्याजोगी. घरगुती ताटाचे जेवण बादशाहीत, थालीपीठ-खिचडीसारखे मराठी खाणे गेस्ट हाऊसमध्ये, आणि मस्का लावलेला पाव व इराणी चहा गुडलकमध्ये.

पण यांत बाई कधी जाऊन बसली? माझ्या लहानपणी उपाहारगृहांत "फॅमिली रूम" असे. म्हणजे काय, तर मागल्या बाजूला फळ्यांनी आडोसा केलेली कोंदट खोली आणि दाराला कळकट पडदा. एकदा आई आणि मी पावसाने अडकून एका उपाहारगृहात शिरलो. पुढच्या टेबलाशी बसलो, तर गल्ल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "बायकांनी आत बसायचं." आत दिवा नव्हता. आईने चहा न घेताच छत्री उघडली. त्या उपाहारगृहाचे नाव सांगत नाही. तेव्हा सगळीकडे तसेच होते. आज मुली भर रस्त्यावर उभ्या राहून वडापाव खातात हे पाहून काही वडीलधारी नाक मुरडतात. मी मात्र त्यांच्याकडे पाहून मनातल्या मनात आईला तो चहा पाजते.

म्हणून माझी शिफारस अशी. पाहुण्या बायकांना निदान एक वेळ बाहेर खाऊ घालावे. तेही पुढच्या टेबलाशी, घाई न करता. सकाळी नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ. ही कोल्हापुरी मिसळीसारखी झणझणीत नसते, जराशी गोडसर असते, आणि पावाऐवजी बरोबर ब्रेडचे तुकडे मिळतात. कोल्हापूरचे पाहुणे असतील तर त्यांना हे आधी सांगून ठेवावे, म्हणजे वाद होत नाही. दुपारी उन्हाच्या वेळी मस्तानी. घट्ट दूध आणि वर आइस्क्रीम. मस्तानीबाईंची आठवण शहराने शेवटी एका पेल्यात ठेवली! गावी न्यायला बाकरवडी, आंबा बर्फी. चितळे बंधूंचे दुकान पुण्यात १९५० पासून आहे. लष्कर भागात, ईस्ट स्ट्रीटवर, १९५५ सालची कयानी बेकरी. तिथली श्रूजबरी बिस्किटे संपण्याआधी सकाळीच जाऊन घ्यावीत. खरेदी दुपारी काढू नये. एक ते चार ही वेळ पुण्यातल्या जुन्या दुकानांच्या वामकुक्षीची म्हणून प्रसिद्ध आहे. आता पुष्कळ दुकाने उघडी राहतात, पण भरवसा धरू नये.

दुपार झाली की वृद्ध पाहुण्यांसह राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. बाजीराव रस्त्यापासून ते जवळच आहे. दिनकर केळकर हे "अज्ञातवासी" या नावाने कविता लिहीत. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावे हे संग्रहालय त्यांनी उभे केले आणि १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या हाती दिले. वीस हजारांवर वस्तू. त्या जमवण्यात त्यांच्या पत्नी कमलाबाई यांचाही मोठा वाटा. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल इथेच आहे. पण मला सांगायचे आहे ते निराळेच. इथे तलवारी थोड्या आणि अडकित्ते पुष्कळ. दिवे, समया, फणी-करंडे, पाय घासायच्या वज्री, विळ्या, किसण्या, झारे, साचे. एकेका वज्रीला मोर, एकेका अडकित्त्याला घोडा. पुरुषमंडळी दालनांतून भरभर पुढे निघून जातात. बायका मात्र थबकतात, काचेला नाक लावतात, आणि एकीमागून एक म्हणू लागतात, "अगं, असाच आमच्या आजीकडे होता." ज्यांची नावे कुठल्या बखरीत नाहीत, त्या बायकांच्या हातांचा इतिहास इथे कपाटात ठेवलेला आहे. आत्याचा बत्ताशांचा वाडा तिसऱ्या दिवशी मुलांनी फस्त केला. पण तिची जात इथे जपलेली आहे, असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पर्वती. पायऱ्या शंभरावर आहेत, पण रुंद आणि सावकाश चढण्याजोग्या. गुडघे दुखणाऱ्यांनी पायथ्याच्या सारसबागेत तळ्यातल्या गणपतीपाशी बसावे. वरचे देवदेवेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधले. त्यांच्या मातोश्री काशीबाई यांच्या पायाच्या दुखण्यासाठी इथल्या देवीला केलेल्या नवसाची कथा सांगतात. पानिपतच्या दुःखाने खचलेले नानासाहेब १७६१ च्या जूनमध्ये इथेच वारले. १८१७ साली खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावांनी इथून पाहिली. आणि १९२९ साली अस्पृश्य मानलेल्या आपल्या बंधुभगिनींना या देवळात जाता यावे म्हणून इथे सत्याग्रह झाला. पां. ना. राजभोज, एस. एम. जोशी, काकासाहेब गाडगीळ ही मंडळी त्यात होती. सत्याग्रहींना मारहाण झाली, आणि दार तेव्हा उघडले नाही. पाहुण्यांना वैभव सांगावे तसे हेही सांगावे. कोण पायऱ्या चढू शकला आणि कोणाला खाली थांबावे लागले, हाही टेकडीचा इतिहासच आहे.

तिसऱ्या दिवशी वाहन असेल तर दोन ठिकाणे. ती शहराच्या दोन टोकांना आहेत, म्हणून एक सकाळी, एक दुपारी. सकाळी नगर रस्त्यावरचा आगाखान महाल. १९४२ च्या ऑगस्टात गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांना इथे स्थानबद्ध केले. महादेवभाई १५ ऑगस्ट १९४२ रोजी आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, इथेच वारल्या. दोघांच्या समाध्या बागेत शेजारी शेजारी आहेत. महाल मोठा, समाधी साधी.

दुपारी कर्वेनगर, म्हणजे जुने हिंगणे. धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाई या विधवेशी विवाह केला, आणि त्याबद्दल गावाकडे बहिष्कार सोसला. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. अण्णा त्या काळी रोज पुण्याहून तिथवर चालत येत-जात. १९१६ साली त्यातूनच महिला विद्यापीठ उभे राहिले. अण्णांना १९५८ साली भारतरत्न मिळाले आणि १९६२ साली, वयाच्या एकशेपाचव्या वर्षी, ते गेले. ती झोपडी संस्थेने जपून ठेवली आहे.

आत्याला पर्वती दाखवायची राहिली याची खंत मला होतीच. पण वय वाढले तसे कळले, की तिला दाखवायला हवी होती ती ही झोपडी. तिच्यासारख्या बायकांसाठी कोणी तरी शहराबाहेर एक दार उघडे ठेवले होते, आणि ती पाच वेळा पुण्यात येऊन, त्या दारापासून थोड्याच अंतरावर, तांदूळ निवडीत बसली होती. तिला कोणी सांगितले नाही. आम्हीही नाही.

आता चिटणीसबाईंच्या कागदावर मी वर दिलेली ठिकाणे तर लिहिलीच आहेत. शेवटी तीन ओळी वाढवल्या आहेत. पहिली अशी : लग्नघरी येणाऱ्या प्रत्येक बाईला, मग ती सुवासिन असो वा नसो, निदान एक अर्धा दिवस मोकळा मिळावा. हल्ली स्वयंपाक केटररकडे असतो. तरी सामान राखायला, म्हाताऱ्यांपाशी आणि तान्ह्यांपाशी थांबायला बाईच मागे राहते. तेवढा वेळ घरच्या पुरुषांनी सामान राखावे. दुसरी : बाहेर न्यायचे तेव्हा तिला विचारावे, "तुम्हाला काय पाहायचे आहे?" तिसरी : ज्या घरी नेणारे कोणी नसेल, त्या घरच्या पाहुण्या बायकांना आपल्या मंडळातल्या दोघीतिघींनी न्यावे.

त्या भगिनीच्या मुलीचे लग्न पार पडले. चौघीजणी मिळून आम्ही अकरा पाहुण्या बायकांना कसब्यापासून तुळशीबागेपर्यंत पायी नेले. त्यांत चिपळूणच्या सत्तरीच्या एक आजी होत्या. दिल्ली दरवाजापाशी त्यांनी एका खिळ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "केवढे हो हे! चित्रात बारके दिसतात." मी काही बोलले नाही. मिसळ खायला बसलो तेव्हा त्या पुढच्या टेबलाशी बसल्या, आणि दुसरी तर्री स्वतः मागून घेतली.